पांढरीवरचं घर

उन्हाळी परीक्षेचे गठ्ठे आले की माझी चिडचिड सुरू होते आणि ती मृग लागेपर्यंत काही जात नाही. पुसदच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते. बाहेर ऊन रणरणत असतं, कूलर तीच गरम हवा परत परत तोंडावर फेकत असतो, आणि पेपरामागून पेपरात एकच वाक्य समोर येत राहतं: 'जमिनीखालचा हलका पदार्थ वरच्या जड थरांना भेदून वर येतो, त्या रचनेला डायापिर असे म्हणतात.' सगळ्यांनी एकाच गाइडातून पाठ केलेलं. खाली आकृती. आडव्या रेघांच्या मधोमध एक वांगं उभं केलेलं आणि त्याला बाण दाखवून 'मीठ' लिहिलेलं. एका पोराने तर वांगं वरून खाली लोंबतं काढलं होतं. त्यालाही मी अर्धा मार्क दिला, कारण निदान त्याने पाठ तरी केलं नव्हतं.

खरं म्हणजे राग पोरांवर नाही. इतकी वर्षं शिकवते आहे, पण एकानेही कधी हात वर करून विचारलं नाही की मॅडम, असं काही आपल्याकडे असतं का? विचारलं असतं तर मी त्यांना राळेगावकडे नेलं असतं, माझ्या माहेरी, आणि आमच्या घराच्या मधल्या खोलीत उभं केलं असतं. चपला बाहेर काढा, म्हटलं असतं. अनवाणी पायाला जे कळतं ते आकृतीत कळत नाही.

डायापिरची गोष्ट मला विद्यार्थिनी होते तेव्हापासून आवडते. कधीकाळी एखादा समुद्र आटतो आणि मिठाचा थर मागे ठेवून जातो. त्यावर गाळ साचतो, गाळावर आणखी गाळ, आणि त्याचा दगड होतो. ओझं वाढत जातं. पण मीठ काही दबून जड होत नाही, वरच्या दगडापेक्षा ते हलकंच राहतं. मग जिथे थोडी कच्ची जागा मिळेल तिथून ते वर सरकू लागतं. वाहतं म्हटलं तरी चालेल, फक्त इतकं सावकाश की तेवढ्यात माणसांच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. वरचे थर आधी फुगतात, मग वाकतात, मग फाटतात. चिखलही असा वर येतो, खोलवरचा वितळलेला खडकही येतो. वर जड आणि खाली हलकं, एवढं त्याला पुरतं. हे शिकवताना मी नेहमी जरा जास्त बोलते आणि तास संपून जातो.

आमच्या भागात मिठाचे घुमट नाहीत. आमच्याकडे काळा दगड आणि त्यावर काळी माती, कापसाची, तुरीची, सोयाबीनची. पण या मातीतही एक धाकटा डायापिर राहतो. मातीचा अभ्यास करणारे त्याला तोच शब्द वापरतात. तिथे हलकेपणापेक्षा फुगण्याचा जोर जास्त, पण वर येण्याची खोड तीच.

वैशाखात काळी जमीन भेगाळते. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ गजू त्या भेगांत चिंचोके टाकायचो आणि जमिनीला कान लावून ऐकायचो. चिंचोका टकटक करत खाली जायचा आणि मग आवाज बंद व्हायचा. गजूची एक चप्पल अशीच गेली. आईने भेगेत हात घालू दिला नाही, विंचू असतो म्हणून, आणि गजू एका पायात चप्पल घालून रडत घरी आला. आम्हाला वाटायचं, जमीन खाते. तेव्हा वाटलेलं फारसं चुकीचं नव्हतं. भेगांत वरची माती ढासळते. पुढे पाऊस आला की खालची माती फुगते, पण तिची जागा वरून पडलेल्या मातीने अडवलेली असते. ती जाणार कुठे? बाजूला रेटते आणि वर सरकते. वर्षानुवर्षं असं चालतं, आणि एखाद्या ठिकाणी खालची चुनखडीची पांढरी माती काळीला भेदून डोकं वर काढते.

आमच्या वावराच्या मधोमध तिने असंच डोकं काढलं होतं. खळ्याएवढा पांढुरका पट्टा. बाकी वावरात कापसाची पऱ्हाटी कमरेला लागायची, तिथे गुडघ्याच्या वर जायची नाही, पानं पिवळी. बाबा उन्हाळ्यात त्यावर तलावाचा गाळ आणून पसरायचे. दोन-चार वर्षं जमीन काळी दिसायची, मग परत पांढरी. "तोंड दाखवल्याबिगर राह्यत नाही हे," असं म्हणून बाबा पुन्हा बैलबंडी जुंपायचे. त्यांचं तेवढं एक वाक्य माझ्या सगळ्या शिकवण्याच्या बरोबरीचं होतं, पण ते त्यांनी वैतागून म्हटलं होतं, आणि ते गेल्यावर घरात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आमच्याकडे गाव जिथे वसतं त्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. पिढ्यानपिढ्या माणसं एका जागी राहिली, चुलींची राख पडली, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांच्यावर पुन्हा उभ्या राहिल्या, की ती जमीन पांढुरकी होते आणि घट्ट बसते. तिच्यावरचं घर हलत नाही. काळीत घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. यात काडीची चूक नाही. चूक एवढीच झाली की आमच्या वावरातला तो पट्टा म्हणजे फार पूर्वी उजाड झालेल्या एखाद्या गावाची पांढरी आहे, असं माझ्या घरच्यांनी धरून टाकलं. गजूने वावरात घर बांधायचं ठरवलं तेव्हा जागेवर चर्चासुद्धा झाली नाही. काकाजींनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, काठी रोवली आणि जागा ठरली.

तो वैशाख अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी सुट्टीत आले होते. जुन्या घराच्या छपरीवर आईच्या कुरड्या वाळत होत्या आणि त्यांचा आंबूस वास सगळ्या कपड्यांना लागला होता. वावरात सकाळीच झळा सुरू व्हायच्या. मिस्त्री पायाच्या रेघा आखायला फक्की घेऊन आला, पण पांढऱ्या जमिनीवर पांढरी फक्की दिसेना. शेवटी चुलीतल्या राखेने त्याने घराचा आकार काढला. ती करडी चौकट पाहून मी पुढे झाले.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, पूजेचं ताट हातात असताना सांगितलं. जुनं गाव असतं तर खापरं निघाली असती, बांगड्यांचे तुकडे निघाले असते, कोळसा निघाला असता. इतकी वर्षं इथे वखर चालतो आहे, एक खापर दाखवा.

"सापडन," काकाजी म्हणाले. "खोदल्यावर सापडन."

मग मला अवदसा आठवली. जमिनीतला एक पांढरा खडा उचलून मी दगडावर फोडला, पूजेच्या ताटातलं लिंबू कापलं आणि त्यावर पिळलं. खडा फसफसला. बारीक बुडबुडे आले. मी वर्गात दाखवते तसं दाखवून म्हटलं, हा चुना आहे, खालून आलेला आहे, ही जागा दर पावसाळ्यात हलते, इथे बांधू नका. वावराच्या कडेला, धुऱ्याकडच्या खडकाळ बरडीवर बांधा, तिथे हातभर खाली मुरूम आहे.

काकाजी वाकले. त्यांनी बुडबुडे निरखून पाहिले आणि हात जोडले.

"जित्ती जागा हाय," ते म्हणाले. "सास घेऊन राह्यली."

मिस्त्रीने दोरी बाजूला ठेवून पाया पडून घेतलं. अशा रीतीने माझ्या प्रयोगाने घराच्या भूमिपूजनाला सुरुवात झाली. गजू मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुह्यं कॉलेजात ठीक हाय. पन इथं आमाले राह्यचं हाय." आई डोक्यावरचा पदर धरून उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तिचंही मत तेच असणार असं मी समजले. पांढरी म्हणून पाया उथळ खणला. उन्हाने ती जमीन इतकी टणक झाली होती की लोखंडी सब्बल आपटून परत यायची, आणि दर वेळी काकाजी माझ्याकडे पाहायचे.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी मधल्या खोलीची फरशी पोकळ वाजू लागली. तिसऱ्या वर्षी ती मधोमध उचलली. घराखालची माती आता उन्हाने सुकत नव्हती, उलट न्हाणीचं पाणी मागच्या भिंतीच्या पायाशी सोडलेलं होतं, म्हणून ती ओल धरून बसायची आणि फुगायची. मधल्या खोलीत जेवायला बसलं की ताटातलं वरण कडेकडे धावायचं. माझी भावजय भाताची पाळ घालून ते अडवायची. पावसात दारं लागायची नाहीत म्हणून गजू रंधा घेऊन ती खालून तासायचा. उन्हाळ्यात त्याच दारांखाली फट पडायची, तेव्हा साप-विंचवाच्या भीतीने तो पट्टी ठोकायचा. श्रावणात तासायचं आणि चैत्रात ठोकायचं, असा त्या घराचा क्रमच लागून गेला. घर आहे की बाजाची पेटी, असं मी एकदा म्हटलं तर गजू दोन दिवस बोलला नाही.

दारांचं मला काही नव्हतं. माझा जीव मागच्या भिंतीत अडकला होता. तिला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती, पावसाळ्यात करंगळी जाईल एवढी, आणि आईची बाज त्याच भिंतीला लागून होती. मी फोनवर सांगायची: घर राहू द्या, निदान न्हाणीचं पाणी दूर न्या, आणि आईची बाज हलवा. "हो ताई, पाह्यतो," गजू म्हणायचा. काकाजी म्हणायचे, नवीन घर बसते जरा. आईला मी पुसदला चल म्हटलं तर ती म्हणायची, लेकीच्या घरी किती दिवस राह्यचं. हे सगळं वर्षानुवर्षं. मी डोंगर कसे उभे राहतात ते शिकवते, परीक्षेला लोक माझी सही मागतात, आणि माझ्या स्वतःच्या माहेरी एक पाइप हलवण्याइतकीही माझ्या शब्दाला किंमत नाही. लग्न झालेली मुलगी माहेरी पाहुणी असते आणि पाहुणीने जेवणाची तारीफ करायची असते. मी जमिनीबद्दल बोलत होते.

गेल्या पोळ्याला गेले तर त्या उचललेल्या फरशीवर हळद-कुंकू. वर एक जास्वंदीचं फूल.

"हे काय?" मी विचारलं.

"देवी हाय," भावजय म्हणाली. "वर येऊन राह्यली. आईनं ओळखलं."

मी आईकडे पाहिलं. ती शांतपणे वात वळत होती. मग माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण न्हाणीचं पाणी आणि चुनखडी हे दोन शब्द त्यात पुष्कळदा आले. आता ती फरशी कुणी फोडू देणार नाही, खालची ओली माती कुणी काढू देणार नाही, कारण तिथे आता देवी बसली. जो एक उपाय होता तो माझ्या आईने कुंकू लावून बंद केला, असं मला वाटलं. बैलांची पूजा व्हायच्या आधीच मी एसटी धरली. राळेगावपासून यवतमाळपर्यंत आणि तिथून पुसदपर्यंत मी मनातल्या मनात भांडत होते.

परवा गठ्ठे अर्धवट टाकून पुन्हा गेले. जाणार नव्हते. पण जमीन भेगाळलेली दिसली की मला ती चीर दिसते. आत्ता ती मिटलेली असेल, हे मला कळतं, आणि पावसाळ्यात ती किती उघडेल तेही कळतं. कळण्याचा हाच एक तोटा.

गजू फाटकापर्यंत सामोरा आला. त्याला काहीतरी दाखवायची घाई होती. घराच्या मागे गेले तर न्हाणीला नवा पाइप, नाली खणलेली, आणि सगळं पाणी लांब धुऱ्यावरच्या कडुलिंबाला.

"पाह्य ताई, सारं पानी दूर काढलं. नाली मीच खोदली."

"हे आता कसं सुचलं?"

"आईच्या सपनात आली ना देवी. न्हानीचं पानी माह्या अंगावर कायले सोडता, म्हने. काकाजी म्हनले, देवीच्या उशाशी सांडपानी नाही चालत. मंग काढलं."

"आणि मी इतकी वर्षं काय सांगत होते?"

गजू मनापासून हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "तू चुनखडी चुनखडी करत होती, ताई. देवी हाय म्हनून सांगतलं असतं तर तवाच काढलं असतं."

आईची बाजही मागच्या खोलीतून घरापुढच्या छपरीत आली होती. देवीकडे पाय करून झोपणं बरं नाही, म्हणून. म्हणजे जे जे मी मागितलं होतं ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी पाइपाजवळ उभी राहून लिंबाकडे जाणारं पाणी पाहत होते आणि मला रडू येत होतं, तेही रागाने.

आई छपरीत लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, खरंच आली होती का सपनात?"

"आलती."

"देवी?"

"तू आलती," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पोळ्याले भांडून गेलती ना, तशीच आलती. पानी काढा, पानी काढा करत. आता हे त्यायले तुह्या नावानं सांगतलं असतं, तर काढलं असतं काय?"

लसणाची सालं वाऱ्याने माझ्या साडीवर येत होती.

"लिंबू पिळल्यावर खड्यातून फेस आला ना, तवाच मले समजलं होतं," ती म्हणाली.

"मग तेव्हाच बोलली काहून नाही?" माझ्याही तोंडात आपोआप माहेरची बोली आली.

"माह्यं कोनं आयकलं असतं?"

तिने ते अगदी साधेपणी विचारलं, जसं मीठ आहे का डब्यात, असं विचारावं. त्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. काकाजींनी काठी रोवली तेव्हा मी जितकी परकी होते तितकीच तीही होती, फक्त तिला आरडाओरडा करायची सवय नव्हती. मी इतकी वर्षं समजत होते की ती त्यांच्या बाजूची आहे. ती गप्प राहून कच्ची जागा शोधत होती.

याने माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. मला हा मार्ग पटत नाही. जे पाहिलं, तपासलं, लिंबू पिळून दाखवलं, ते माझ्या तोंडून खरं नाही आणि देवीच्या तोंडून खरं, हे मला कधीच पटणार नाही. मी आईला तसं सांगितलंही. तिने ऐकून घेतलं. लसणाची वाटी बाजूला सारली आणि पदराला हात पुसले.

"अजून काय काय राह्यलं हाय ते सांगून ठेव," ती म्हणाली. "एकदमच नाही सांगता येत. हळूहळू सांगतो."

मी सांगू लागले. चिडूनच सांगू लागले, पण आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातलं कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहून ऐकत होतं. मागच्या भिंतीजवळची केळी काढायची, तिथे पाणी मुरतं. "केळीले देवी नाही म्हननार नाही," आई म्हणाली, "दुसरं सांग." घराच्या चारी बाजूंनी उतार द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबणार नाही. हे तिला पटलं. देवीच्या दारात डबकं नको, एवढं पुरेल, म्हणाली, आणि ते पाऊस लागायच्या आधी करून घेते म्हणाली. मग मी मुख्य गोष्टीवर आले. मागची भिंत उतरवायची. मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि पाया नव्याने भरायचा. दुसरा इलाज नाही, कारण उघड्या छपरीत पावसाची झड आली की तिची बाज पुन्हा आत जाणार, त्याच भिंतीला.

आई उठून आत गेली, त्या भिंतीला हात लावून परत आली.

"हे मोठं हाय," ती म्हणाली. "याले नवरात्र लागन."

मी परत आले आहे. गठ्ठे पुढ्यात आहेत, तेच वाक्य पुन्हा पुन्हा तपासते आहे. उकाड्याने जीव नकोसा झालाय आणि सगळे पावसाकडे डोळे लावून बसलेत. नवरात्र पावसाळा सरताना येतं. त्याआधी सगळा पावसाळा आहे.